चप्पल घालूनच आत या

माझा डावा पाय आज माझ्या अंगाला जोडलेला आहे तो आमच्या मेसच्या मालकाच्या आईमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, हा माणूस उपकार विसरला. विसरलो नाही. पण तो पाय जायची वेळ आली होती तीही त्यांच्यामुळेच. दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या आणि दोन्ही चांगल्या मनाने केल्या. मला राग धरायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

मी आचारी आहे. गाव देगलूरच्या पुढचं, जिथे बाजारात माणूस भाव मराठीत विचारतो, घासाघीस तेलुगूत करतो आणि शिवी कन्नडमध्ये देतो. सातवीत शाळा सुटली. घरचे म्हणतात मी शाळा सोडली, मी म्हणतो शाळेने मला सोडलं. मास्तर आता हयात नाहीत, त्यामुळे निकाल लागायचा राहिला. लग्नकार्यात भात करता करता हात बसला आणि लातूरला आलो. लातूर काही परदेश नाही, एसटीने अर्ध्या दिवसाची वाट. पण आचाऱ्याला सुट्टी नसते. त्यामुळे ती अर्ध्या दिवसाची वाट चालायला मला दरवेळी वर्ष लागतं.

आमची मेस क्लासेसच्या गल्लीत. जेवायला येणारी सगळी पोरं-पोरी डॉक्टर व्हायला आलेली. कुणी लोह्याचं, कुणी उमरीचं, कुणी पार विदर्भातलं. म्हणजे बघा, उद्याचे एवढे डॉक्टर रोज दोन्ही वेळ माझ्यासमोर ताट घेऊन उभे राहायचे आणि मी त्यांना वरण वाढत वाढत स्वतःचा पाय सडवत होतो.

शुगर निघाली ती एका फुकटच्या शिबिरात. मी तिथे गर्दी कसली म्हणून बघायला गेलो होतो. बोटाला टोचलं, आकडा बघितला आणि त्या पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिलाच विचारलं, "ताई, पाणी आणू का?" गोळ्या सुरू झाल्या. चक्कर आली की घ्यायचो, बरं वाटलं की बंद. शहाण्यासारखं वागतोय असं वाटायचं. औषध उगाच वाया का घालवा?

आता आईंचं सांगतो. मालकाला सगळे 'शेठ' म्हणतात, पण मेस आईंची आहे. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, नाक असं तिखट की फाटकातून आत येतानाच सांगतात, "फोडणीत हिंग कमी पडलंय." त्यांनी स्वयंपाकघराला एकच कायदा लावलेला: आत चप्पल नाही. कुणाचीच नाही. गॅस दुरुस्तीवाला आला तरी दाराशी बूट काढून मोज्यांवर आत. भिंतीला अन्नपूर्णेचा फोटो, त्याला रोज फूल. "पोरायच्या आईबापानं विश्वासानं पाठवलंय," त्या म्हणायच्या, "रस्त्याची घाण त्यायच्या ताटापर्यंत न्हाई येऊ द्यायची." यात चुकीचं काय आहे सांगा. मला तर हे फार आवडायचं. गावाकडे माझी आईसुद्धा असंच करायची. आपण परक्या गावात असून आपल्याच घरात आहोत असं त्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की वाटायचं. काळी कडप्पा फरशी, भट्टीजवळ तव्यासारखी तापलेली आणि मोरीजवळ बर्फासारखी. पोळ्या लाटणाऱ्या बाया भट्टीजवळून जाताना "आई गं" करत पाय उचलायच्या. मी मात्र तिथेच तासन् तास उभा. त्या म्हणायच्या, "मामाचा पाय म्हणजे पाय हाय का लाकूड?" मला तो मान वाटायचा. आचारी म्हणजे असाच पाहिजे, तापल्या फरशीला न भिणारा. त्या हसत होत्या त्यात निदान होतं, पण ते त्यांनाही मालूम नव्हतं आणि मलाही.

त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात दोन मोठ्या शोधमोहिमा झाल्या.

पहिली मिक्सरच्या स्क्रूची. चटणीच्या मोठ्या भांड्याच्या दांडीचा स्क्रू पडला. दांडी लटलट हलायला लागली. आईंनी ओटा उचकला, मोरीची जाळी काढून बघितली, आणि शेवटी संशय भांडीवाल्या मावशींवर गेला.

"तूच खरकट्यात टाकून दिलास," आई म्हणाल्या.

"मी कशाला टाकू आई? मला काय स्क्रूचं कालवण करायचंय?"

"मग गेला कुठं? पाय फुटले का त्याला?"

पाय फुटले नव्हते, पण त्याला एक पाय सापडला होता. हे नंतर कळलं. तेव्हा मीही सगळ्यांबरोबर गुडघ्यावर बसून ओट्याखाली काडी फिरवत होतो. स्क्रू सापडला नाही. मालक नवीन आणतो म्हणाले, आणि मालक आणतो म्हणाले की ती वस्तू येत नाही. दांडीला कापडाची पट्टी बांधून काम चालू राहिलं.

मग काही दिवसांनी माझ्या डाव्या पायाच्या चवड्याला, अंगठ्याच्या बुडाशी, ओलं ओलं लागायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणजे मोठं काही नाही, एवढी अक्कल माणसाला जन्मापासूनच असते. तिथे जुना घट्टा होता, तो चिरला असेल म्हटलं. हळद आणि तेल गरम करून भरलं. वर सुती फडकं गुंडाळलं. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा." बसलो. पाणी किती गरम हे कळायला पाय कामाचा नव्हता, म्हणून हात घालून बघायचं असतं हे कुणाला सुचलं? पायाची कातडी भाजली. मला वाटलं, औषध लागू पडलं, वरची खराब कातडी सुटून राहिलीय.

आईंनी फडकं बघितलं. "काय झालं रे?"

"भेग पडलीय, आई."

"फडकं रोज धुवायचं. स्वयंपाकघर हाय हे."

"हाव, आई."

उद्याच्या डॉक्टरांनाही विचारलं. उमरीची एक पोरगी फार हुशार, जेवतानाही पुस्तक ताटाला टेकवून वाचायची. तिला पाय न दाखवता, दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मामा, पायात हाडं किती ते सांगते. बेडकाचं विचारा, झुरळाचं विचारा, सगळं पाठ हाय. जखम आमच्या सिलॅबसमध्ये न्हाई."

शेजारचा पोरगा म्हणाला, "मामा, ज्याची जखम हाय त्याला डॉक्टरकडं न्या."

"तेच तर कोण नेणार," मी म्हणालो आणि त्याला जास्तीची भाजी वाढली, म्हणजे विषय बंद.

दवाखान्यात का गेलो नाही? भीती वाटत होती. आमच्या गावात एक जण असाच बोटाची जखम घेऊन गेला. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालून. तो माणूस आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतो. मला कुणाची चौकशी करायची नव्हती. माझं काम उभं राहायचं. बसून पोळ्या लाटता येतात, पण दीडशे ताटांची भाजी बसून होत नाही. पाय गेला तर लातूर गेलं, आणि लातूर गेलं तर घरी पाठवायला माझ्याजवळ माझ्याशिवाय काहीच नव्हतं. रोज उठून पायाकडे न बघताच फडकं बदलायला शिकलो होतो. ते अवघड असतं, पण जमतं.

मग दुसरी मोहीम निघाली.

एका रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर आई स्वयंपाकघरात आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "उंदीर मेलाय."

कुणाला वास येत नव्हता. पण आईंचं नाक म्हणजे आमच्याकडे कोर्टाचा निकाल. गव्हाचे कट्टे हलवले. तेलाचे डबे बाहेर. तुरीच्या डाळीचं पिंप बाजूला. माळ्यावर मालक स्वतः चढले, तिथून धूळ पाडली आणि "काही न्हाई" म्हणून उतरले. आई नाक वर करून फिरत होत्या. "इथं हाय... आता इकडं हाय... हलतोय का काय मेला?"

"मेलेला उंदीर कसा हलंल आई?" भांडीवाल्या मावशी म्हणाल्या. त्या स्क्रूचा राग अजून विसरल्या नव्हत्या. "का तोबी मीच पळवला?"

मी कट्टे उचलत होतो. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. आणि मी जिकडे जाईन तिकडे आई यायच्या. खरं सांगतो, मलाही वाटत होतं की उंदीरच असेल. स्वतःचा वास स्वतःला कुठे येतो? दोघांच्या मध्ये एक कट्टा राहिला तेव्हा आई थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"पाय दाखव."

"आई, काही न्हाई, भेग..."

"दाखव म्हणते न्हवं."

मी दाखवेना, तेव्हा त्या सरळ खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून देवासमोरसुद्धा स्टुलावर बसणारी बाई त्या फरशीवर बसली आणि मालकाच्या आईने आचाऱ्याचा पाय मांडीवर ओढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फडकं सोडलं. पोळ्यावाल्या बाया मागे सरकल्या. मालक म्हणाले, "आई, हात नको लावू, मेडिकलमधून मलम आणतो."

आई त्यांना म्हणाल्या, "तू स्क्रू आणलास का?"

मालक खिशातला मोबाइल चाचपायला लागले.

"रिक्षा बोलव," आई म्हणाल्या.

दवाखाना पायांचाच होता. असा काही वेगळा दवाखाना असतो हे मला माहीत नव्हतं. दारात गेल्यावर मी लंगडत चप्पल काढली, आईंनीही काढली. दवाखाना आणि देऊळ, आपल्याला सवय तीच. तेवढ्यात आतला कंपाउंडर धावत आला. "काढू नका, काढू नका! घाला ती चप्पल!" वर पाटी होती: चप्पल घालूनच आत या. आईंनी ती दोनदा वाचली. लातुरात इतकी वर्षं काढली, पण चप्पल घालून आत शिरा असं सांगणारं दार त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. त्या चप्पल घालून आत आल्या खऱ्या, पण टाचा उचलून, जणू फरशीला कळू नये.

डॉक्टरीण तरुण होत्या. मला 'काका' म्हणाल्या, आईंना 'आजी'. पाय बघून त्यांनी नाक मुरडलं नाही, ओरडल्याही नाहीत. मला तर ओरडणं परवडलं असतं. त्यांनी एका काडीला लावलेला नायलॉनचा जाड दोरा काढला. म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. मी तळपायाला हा टेकवीन. लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले.

"लागतंय?"

"हो."

"इथे?"

"हो."

"आता?"

"हो, मॅडम. मस्त लागतंय."

"काका," त्या म्हणाल्या, "मी अजून टेकवलाच नाही."

आई शेजारून म्हणाल्या, "अरे, परीक्षा हाय का ती, पास व्हायला?"

काय सांगू. एवढ्या शिकलेल्या बाई विचारतात, त्यांना 'नाही' कसं म्हणायचं? सातवीपर्यंत वर्गात हेच तर शिकलो होतो, समजलं का विचारलं की हो म्हणायचं. डॉक्टरीणबाईंनी परत केलं आणि या वेळी 'लागतंय का' विचारलंच नाही. म्हणाल्या, वाटलं तर बोट वर करा. मग मी बोट वर करायची वाट बघत बसलो. बराच वेळ. डोळे उघडले तर त्या पाय पुसत होत्या. सगळं होऊन गेलं होतं.

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. शुगर वाढत राहिली की पायाच्या नसा मरतात. दुखणं कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. "दुखणं म्हणजे राखणदार, काका. तुमचा राखणदार कधीच निघून गेलाय." पावलावर एक मशीन धरून त्यांनी रक्ताचा आवाज ऐकवला. 'धुक् धुक्' आला तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. रक्त पोचतंय, म्हणजे आशा आहे. मग पायाचा फोटो काढायला पाठवलं.

फोटो आला. त्यांनी तो लाइटवर लावला आणि माझ्याकडे वळल्या.

"काका, या पायाचं आधी ऑपरेशन झालंय का? हाडात स्क्रू बसवलाय?"

"न्हाई, मॅडम."

"मग हा काय?"

बघितलं तर माझ्या हाडांच्या शेजारी एक स्क्रू. पांढरा शुभ्र. आटेसुद्धा मोजता येत होते. आई खुर्चीवरून उठल्या, चष्मा पुसला, फोटोजवळ गेल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तर आमच्या मिक्सरचा!"

तो काढला तेव्हा मी जागा होतो. भूल द्यायची गरज पडली नाही, ती तर मी कधीचीच घेऊन बसलो होतो. मेलेलं मांस कापून काढताना डॉक्टरीणबाई माझ्याशी वांग्याच्या भाजीबद्दल बोलत होत्या. स्टीलच्या ट्रेमध्ये 'टण्' वाजलं. आई म्हणाल्या, "धुऊन द्या तो."

"आजी! परत मिक्सरला लावणार का?"

"न्हाई ओ. भांडीवालीला दाखवायचाय. तिला उगीच बोलले मी."

त्या मावशींनी स्क्रू बघितला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बरं झालं मामाच्या पायात निघाला. माझ्या पायात निघाला असता तर चोरून न्यायचा होता म्हणाल्या असत्या!" आईंनी चहा ठेवला. त्या दिवशी मावशींच्या चहात दूध जास्त होतं एवढंच.

पण खरा प्रश्न दवाखान्यातच पडला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाला संसर्ग थोडा पोचलाय. अंगठा राहील की नाही हे आज सांगणार नाही. पायावर भार टाकायचा नाही. आणि इथून पुढे जन्मभर अनवाणी राहायचं नाही. घरात नाही, अंगणात नाही."

"स्वयंपाकघरात?" आईंनी विचारलं.

"स्वयंपाकघरात तर नाहीच नाही."

"आमच्याकडं चालत न्हाई," आई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आईंकडे बघितलं, वाद घातला नाही. हात पुसत म्हणाल्या, "मग आजी, तुम्हीच ठरवा. फरशी ठेवायची का पाय."

परतीच्या रिक्षात आई रस्त्यावरच्या पाट्या वाचत बसल्या. मी मात्र घाबरून बोलतच होतो. नव्या आचाऱ्याला काय काय सांगावं लागेल, कुठल्या पोराला तिखट चालत नाही, असं सगळं. गावी जायची एसटी मनातल्या मनात पकडली होती. शेवटी त्या म्हणाल्या, "गप बस रे. डोकं चालू दे माझं."

डोकं चालायला त्यांना वेळ लागला. तोवर त्यांनी एक सोय केली. स्वयंपाकघरात खुर्ची टाकली, समोर डाळीचं पिंप उपडं ठेवलं, त्यावर उशी आणि उशीवर माझा पाय. मी बसून सांगायचं आणि आईंनी करायचं. दीडशे ताटं. मालकीणबाई अनवाणी भट्टीसमोर आणि आचारी पाय वर करून खुर्चीत. बाहेरच्याला दाखवलं असतं तर त्याने कानाला हात लावला असता.

"आई, आता आच कमी करा."

"मला शिकवतोस? तू जन्मायच्या आधीपासून भाजी करते मी."

"हो, पण घरच्या चार माणसांची. मीठ अजून एक पळी..."

"एक पळी! पोरायला मारायचंय का?"

मीठ त्यांनी घातलं नाही. रात्री पोरांनी भाजीत पाणी आहे का पाण्यात भाजी असं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पळी माझ्यासमोर धरली आणि मी मान हलवेपर्यंत मीठ घालत राहिल्या.

ड्रेसिंगला त्याच न्यायच्या. पोटात सुई घ्यायला मी घाबरायचो, इन्सुलिनची. त्या म्हणायच्या, "शिकत न्हाईस तर मी टोचीन, आन् मला दिसतबी कमी." मी शिकलो. रोज सकाळी तळपायाखाली आरसा धरून बघायलाही शिकलो. कितीतरी वर्षं चेहरा बघायला आरसा घेतला नव्हता, आता पाय बघायला घेतो. जखम भरत आली. अंगठा राहिला. डॉक्टरीणबाईंनी शेवटी जाड, मऊ तळव्याचे, पट्ट्यांचे सँडल बनवून दिले. एकेक सँडल उचलायला वजनदार आणि दिसायला, खरं सांगायचं तर, म्हशीच्या खुरासारखा. ते मेसवर आणले तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशीच ठेवले. मी उंबऱ्यावर उभा. आत भट्टी, बाहेर मी. आता काय ते ठरणार होतं.

आईंनी सँडल उचलले. साबणाने धुतलेल्या हातांनी. अन्नपूर्णेच्या फोटोखाली पाट टाकला, त्यावर सँडल ठेवले, दोन्हींवर हळदीकुंकवाची बोटं लावली आणि हात जोडले. मग वळून म्हणाल्या, "ही चप्पल न्हाई. हे औषध हाय. हे दाराबाहेर जायचं न्हाई आन् बाहेरची चप्पल आत यायची न्हाई. घाल."

मी हळदीकुंकू लावलेल्या वस्तूत पाय कसा घालू? उभाच राहिलो.

"घाल म्हणते. देवीला सांगितलंय मी."

पुढच्या तपासणीला सँडल डब्यात घालून घेऊन गेलो, दाराबाहेर ते पायात घालायची बंदी म्हणून. डॉक्टरीणबाईंनी आतला तळवा बघायला उचलले आणि एकदम ताठ बसल्या. "हे रक्त कुठून आलं? पायातलं काढा, पाय दाखवा आधी!"

"कुंकू हाय ते, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्या रागावल्या, पण त्या हसत होत्या. "आजींना सांगा," त्या म्हणाल्या, "रोज लावलं तरी चालेल. फक्त हे पायातून काढू नका."

त्या दिवाळीत मालकांच्या सासूबाई नांदेडहून आल्या. निवृत्त शिक्षिका, शुद्धलेखनापासून सोवळ्यापर्यंत सगळं तपासणाऱ्या. त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं आणि मला बघून थबकल्या. "विहीणबाई, तुमचा आचारी चपला घालून पुरण परततोय!"

"हाव," आई म्हणाल्या, "तुम्हाला पुरण पाहिजे का अनवाणी आचारी?"

विहीणबाईंनी पुरण घेतलं. दोनदा घेतलं.

इथे हे संपवता आलं असतं. पाय वाचला, नोकरी वाचली, देवीही रागावली नाही. पण त्याच दिवाळीत पुऱ्या तळताना आई माझ्या शेजारी उभ्या होत्या. झाऱ्यावरून उकळत्या तेलाचा टपोरा थेंब त्यांच्या उघड्या पावलावर पडला. मला दिसला. माझाच पाय मागे गेला. त्यांचा गेला नाही. त्या विहीणबाईंना करंजीच्या सारणाबद्दल सांगत होत्या, वाक्यसुद्धा तुटलं नाही.

"आई, पाय!"

"काय झालं पायाला?"

खाली बघितलं. लाल डाग, फुगत चाललेला. त्यांनी पदराने पुसला. "जाड कातडी हाय माझी. सगळा जन्म या फरशीवर गेला."

मला माहीत होतं ती जाड कातडी काय असते. मीही अशाच कातडीचा मान मिरवला होता. त्यांची शुगर म्हणे 'बॉर्डरवर' आहे, आणि ती बॉर्डर म्हणे किती वर्षांपासून तिथेच आहे. प्रत्येक ड्रेसिंगला डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "आजी, तुमचेही पाय बघू एकदा," आणि आई लुगड्याच्या काठाखाली पाय ओढून म्हणायच्या, "मी याच्यासंगं आलेय." त्यांच्या टाचांच्या भेगा मी खुर्चीत बसून महिनाभर रोज बघितल्या होत्या आणि मीठ किती एवढंच सांगत बसलो होतो.

तेव्हापासून मागे लागलो आहे. "आई, चला." "बघू." "आई, एकदाच." "तुझा पाय तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी." माझ्यासाठी देवीला पटवणारी बाई स्वतःसाठी अजून अनवाणी उभी आहे, त्याच तापल्या फरशीवर. मी आचारी माणूस, त्यांचा पाय मांडीवर ओढायची माझी हिंमत होत नाही. त्यांनी माझा ओढला होता तेव्हा त्यांना कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

पोरांची मोठी परीक्षा झाली की मेस महिनाभर बंद असते आणि मी गावी जातो. येत्या खेपेला जाणार नाही, बायकोला तसं सांगून ठेवलंय. ती रागावली, मग कारण ऐकून म्हणाली, "त्यांना नेल्याशिवाय येऊच नका." स्वयंपाक नसेल, ताटं नसतील, त्यांच्याजवळ कामाचं निमित्त नसेल. त्या नाही म्हणतील, मग मी दारात बसेन. दुसऱ्या दिवशीही बसेन. त्यांच्या मापाचे सँडल त्या डॉक्टरीणबाईंकडून करून घेईन, हळदीकुंकू लावून पाटावर ठेवीन आणि मीच देवीला सांगेन. या सुट्टीत जमलं नाही तर पुढच्या सुट्टीत. पण आई, कधीतरी एक दिवस तुमचा पाय डॉक्टरीणबाईंसमोरच्या स्टुलावर ठेवल्याशिवाय मी राहणार नाही.